जयंतीची डिस्क

आळेफाट्यावरच्या फोटो स्टुडिओत वैष्णवी पासपोर्ट फोटोसाठी ताटकळली होती. तिच्या पुढं द्रौपदाबाई पिशवीतली डीव्हीडी काढून दुकानदार भरतभाऊंना दाखवत होत्या.

"ह्यात आमच्या मालकांची भीमजयंतीची गाणी हायेत. घरचा रेकॉर्डर जळाला. लेकीकडं लावली तर कोरी दाखवतंय."

भरतभाऊंनी डिस्क कॉम्प्युटरला लावून पाहिली. "कोरी न्हाई मावशी, उघडी राहिलीय."

"आवो, डबीतच तर व्हती."

"तसं न्हाई. डिस्क भरली की मशिनमधून बंद करायची असती. मग ती कुठंबी लागती."

"जावई म्हणत व्हते, आरडब्लू घ्यायची व्हती."

"ती पुसून परत भरता येती. ही साधी आर. हिच्यातलं पुसत न्हाई."

"पुसायचं कुणाला हाय? बंद करा."

"करतो. पण मग पुढं काय भरता यायचं न्हाई. वीस मिनिटं मोकळी हायेत अजून."

"ती त्यांनी ह्या एप्रिलच्या गाण्यासाठी ठेवली व्हती. फेब्रुवारीत गेले."

वैष्णवीला आर कळलं नव्हतं, आरडब्लूही नाही. भरतभाऊंनी मात्र माऊसवरचा हात काढून घेतला.

"असं करू मावशी. बंद नको करायला. गाणी एमपीफोर करून पेनड्राइव्हवर देतो, ती टीव्हीला लावा."

"त्यात तेच दिसत्याल ना?"

"तेच दिसत्याल. मग ही डिस्क टाकून दिली तरी चालंल."

द्रौपदाबाईंनी डिस्क परत मागून घेतली आणि डबीत ठेवून झाकण दाबलं.

"नगं टाकायला. त्यांची वीस मिनिटं ऱ्हायलीत हिच्यात."