समोर बसलेली गैरहजर मुलगी

सन्माननीय अध्यक्ष पंढरीनाथजी म्हात्रे, प्रमुख पाहुण्या डॉक्टर संपदाताई, आजच्या सत्कारमूर्ती आरोग्यसेविका सरोजाबाई, खारीचे ग्रामस्थ, नया नगरहून आवर्जून आलेली मंडळी आणि घोडबंदरच्या पाड्यावरून टेम्पोने आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. आयुष्यभर पस्तीस मिनिटांचे तास घेतलेल्या मुख्याध्यापकाला हे जरा जड जातं, पण सांभाळून घ्या.

सरोजाबाईंच्या एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल आधीच्या वक्त्यांनी भरभरून सांगितलं. मी मात्र माझ्याबद्दलच जास्त बोलणार आहे. कारण बाई काय आहेत, हे मला माझ्याच एका चुकीमुळे कळलं.

गोष्ट १९८९ सालची. तिसरीचा वर्गही माझ्याकडेच होता, एकसष्ट मुलं. पाड्यावरच्या लवूची मुलगी पावसाळ्यात तापाने आजारी पडली. त्यांच्यात रीत अशी, की मूल फार आजारी पडलं तर त्याला वारलेल्या आजीचं किंवा आजोबाचं नाव द्यायचं आणि जुनं पुन्हा उच्चारायचं नाही. तसं तिचं नाव जानी ठेवलं. पोर बरी होऊन सप्टेंबरात शाळेत आली. मी रोज हजेरीत तिचं जुनं नाव पुकारायचो. आईने बजावलेलं, त्या नावाला ओ द्यायची नाही. ती गप्प बसायची आणि मी गैरहजेरी मांडायचो. महिनाभर, मंडळी. मुलगी माझ्यासमोर तिसऱ्या रांगेत बसलेली आणि माझ्या हजेरीपटात गैरहजर.

शेवटी नियमाप्रमाणे मी पटावरून तिचं नाव कमी केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात एक मूल जास्त भरलं, तेव्हा मी तिला विचारलं, "तू कोण गं?" ती म्हणाली, "जानी." म्हटलं, या नावाचं इथे कोणी नाही, घरी जा. आणि ती गेली हो. वाद घालायची सवय पाड्यावरच्या मुलांना आपण कुठे लावली होती?

चार दिवसांनी सरोजाबाई लसीची पेटी खांद्याला लावून शाळेत आल्या. नाव का बदललं ते सांगून म्हणाल्या, "गुरुजी, पोरगी रोज तुमच्यापुढं बसत होती. तुम्ही कधी बघितलं का तिच्याकडं?"

मी शहाणपणाने उत्तर दिलं, "बाई, अंधश्रद्धेला शाळेत जागा नाही."

"नसू द्या," त्या म्हणाल्या. "पण पोरीला तरी आहे का?"

आता इथे संपदाताईंसारख्या डॉक्टर बसल्या आहेत. त्यांना ठाऊक आहे, त्या पोरीचा ताप म्हणजे हिवताप होता आणि तो बाईंच्या गोळ्यांनी गेला. पण बाईंनी गोळ्या दिल्या त्या जानीला. नाव बदललं म्हणून कोणाला हसल्या नाहीत, आणि नाव बदललं म्हणून औषधही थांबवलं नाही.

कागदाचा प्रश्न उरलाच. जन्माची नोंद नाही, जानी म्हणजे तीच मुलगी हे सिद्ध कसं करायचं? बाईंनी आपली वही काढली. पाड्यावर नावं बदलतात हे ओळखून त्या प्रत्येक मुलाचं घर, आईचं नाव, लसीची तारीख आणि अंगावरची खूण लिहून ठेवत. त्या वहीवरून, तेव्हा आपल्या आरोग्य केंद्रात असलेल्या संपदाताईंनी जानी म्हणजे तीच मुलगी असा दाखला दिला.

तोवर दिवाळी उलटली होती. बाई आणि मी पाड्यावर पोहोचलो तेव्हा लवूचं बिऱ्हाड वीटभट्टीवर निघालेलं, गाठोडी बांधलेली. पोरगी एकदा भट्टीवर गेली की शाळेत परत यायची नाही, हे मला माहीत होतं. लवू माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाला, "मास्तर जुना नाव घेल. दुखनं पोरीला वलखंल. मना न्हाय पाठवायची."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी लवूला म्हटलं, "पटावर जानी लिहिलंय. दुसरं नाव माझ्या तोंडून कधी येणार नाही."  तेव्हा लवूने मुलीचं गाठोडं बाजूला काढलं आणि तिला पाड्यावर मावशीजवळ ठेवलं. तुमच्या लक्षात आलं असेल, ते नाव मी आजही घेतलेलं नाही.

जानी यंदा दहावी पास झाली. पाड्यावरच्या बालवाडीत ती दोन महिन्यांपासून शिकवते आहे. परवा मी सहज डोकावलो. ती हजेरी पुकारत नाही. एकेका पोराकडे बघते आणि लिहिते. मी दारात उभा राहून बघत होतो. मास्तरकीची तेहेतीस वर्षं झाली माझी, पण एवढी साधी गोष्ट मला कधी सुचली नाही.

सरोजाबाई, तुम्ही निवृत्त होताय याचं वाईट वाटतंय. तुमची वही जानीकडे देऊन जाताय, याचा फार आनंद वाटतोय. आयोजकांचा, अध्यक्षांचा आणि निमूट ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचा मी ऋणी आहे. भाषणात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेने उदार मनाने पोटात घालावं.

त्या एका महिन्याची माफी मात्र मी सभेकडे मागत नाही. जानी, ती तुझ्याकडे मागतो. आठ वर्षं उशीर झाला.

नमस्कार.