काकांकडची किल्ली

मुलुंडला वकिलाच्या ऑफिसात नंबर लावून बसलो होतो. शेजारी बहीण-भाऊ बोलत होते.

“ताई, बाबांनी मृत्युपत्रात दशरथकाकांना एक्झिक्युटर केलं, तिथेच वाट लागली. फ्लॅट आपल्या नावावर करायच्या कागदांवर आठ महिने सही टाळतायत. आधी पितृपक्ष, आता अधिक महिना! सरळ नोटीस पाठवू.”

“नोटीस कशाला? आज येऊन सही करतायत ते.”

“काका? शक्यच नाही.”

“अरे, काल मी न सांगता बाबांच्या फ्लॅटवर गेले. काका एकटेच कॅरम खेळत होते. बाबांच्या बाजूनेही तेच.”

“मग?”

“म्हटलं, काका, सही करा. किल्ली तुमच्याकडेच राहू दे.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, उद्या येतो. आता थांब जरा, तुझा बाप जिंकतोय.”