रंगूबाईचा पेशंट

नाय नाय, पाव्हणं — असं दंडाला धरून उतरवायचं नाय त्यांना. बसू द्या जीपमध्ये. काच खाली केली ना? पाणी दिलं? मग झालं तर. म्हाताऱ्या माणसाला जितकं वढाल तितकं ते सीट घट्ट धरतं — मला ठाऊक हाय, मी स्वतः म्हाताराच हाय. वडील ना तुमचे? नामपूरहून आलात? आरं बाप रे, म्हंजी अंधारातच निघाले असणार. आणि एवढं येऊन दारात म्हणले, मी उतरत नाय, मला काय वेड लागलंय का? — हेच म्हणले ना? बघा! इथं सगळे हेच म्हणतात. पाटी कोणी वाचून दाखवली त्यांना? तुम्ही? चुकलं तुमचं. 'वयोवृद्धांचा स्मृती विभाग' — असली पाटी म्हाताऱ्याला वाचून दाखवतात व्हय? बसा, बसा. तिकडं नका बसू, त्या बाजूनं बाक डुगडुगतो. तुमचा नंबर यायला वेळ हाय, आत आमची मंडळी हाय. मंडळी म्हंजी बायको — रंगूबाई.

हो, बायको आत आणि पेशंट बाहेर. हसू नका. पेशंट मी. कोंडाजी, राहणार सायखेडा, विसरायचा आजार. आमच्या गावात कोणालाबी विचारा — ते म्हणतील, कोंडाजी? भला माणूस होता हो, पण गेला कामातून. आणि ती आत कशाला? मॅडम दर गुरुवारी सांभाळणाऱ्या माणसाशी वेगळं बोलतात ना — पेशंट काय खातो, झोपतो का, रात्री उठून हिंडतो का. ती माझी सगळी गाऱ्हाणी सांगते, मॅडम ऐकतात, आणि ऐकता ऐकता — तुमचे वडील ऐकत नाय ना तिकडून? — ऐकता ऐकता मॅडम तिलाच तपासतात.

आता असं बघता काय माझ्याकडं? कळलं नाय? मला काय झालेलं नाय हो. सगळं आठवतं मला. कोणत्या वाफ्यात कोणतं बी टाकलं, ते कोणाच्या दुकानातून आणलं, आणि दुकानदारानं जुनं बी कसं गळ्यात मारलं — सगळं. आजार तिला हाय. थांबा, पहिल्यापासून सांगतो, नायतर तुम्ही मला खरंच येडा समजाल.

आमचा भाजीचा मळा. मेथी, कोथिंबीर, वांगी. रंगू म्हंजी काय बाई होती — जुड्या बांधायला बसली की हात दिसायचा नाय. नाशकात बाजाराला बसली की बोलण्यात गिऱ्हाईक गुंडाळायची. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाच्या सासूला वांगं चालत नाय, सगळं पाठ. ती रंगू एक दिवस भाजीची पाटी घेऊन गेली आणि तशीच भरलेली घेऊन परत आली. म्हणलं, का गं? तर म्हणे, आज बाजारच नव्हता. बाजार होता हो! पुंजा शेजारीच बसला होता — पुंजा आमचा मळेशेजारी — तो म्हणला, वहिनी नुसत्या बसून होत्या, गिऱ्हाईकानं भाव विचारला की त्याच्याच तोंडाकडं बघायच्या. मग एकदा मळ्यातून घराकडं निघाली ती नदीच्या अंगाला गेली. तिथून तिला आणली, तर मला म्हणते, देवाला गेले होते. पायात वाहाणा नाय, हातात खुरपं — खुरपं घेऊन कोणत्या देवाला?

दवाखाना म्हणलं की भडकायची. मला वेडी ठरवता का? आणि तिचं खोटं नव्हतं. तिची आई, चिमणाबाई — तिला म्हातारपणी असंच झालं होतं. त्या काळात कोण म्हणतंय आजार? वेड लागलं म्हणायचे. वटीवर बाहेर बसवलेली असायची, पाव्हणे आले की आत कोंडून बाहेरून कडी. गल्लीतली पोरं तिला विचारायची, आजे, तुझं लग्न झालं का? — आणि ती म्हणायची, नाय रे बाबा, अजून नाय. सगळे हसायचे. रंगूनं ते डोळ्यांनी बघितलंय. मग ती कशी येती दवाखान्यात?

मग मी काय केलं — सिंहस्थ झाला ना, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट — मी एकटाच इथं आलो. मॅडमला म्हणलं, मला पेशंट करून घ्या. योगिनी मॅडम — वयानं बारीक हायेत, पण फक्त म्हाताऱ्या माणसांचंच शिकून आल्यात, बाकी कोणाला हात लावत नाय. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणल्या, बाबा, पेशंटला मी फसवणार नाय. मी म्हणलं, तुम्ही कुठं फसवता, फसवतो तर मी! हसता हसता त्यांचा चष्मा खाली आला. मग म्हणल्या, जोडीनं या. जोडीनं आलेल्यांना मी दोघांनाबी तपासते, तसं तोंडावर सांगीन, आणि रंगूबाईंनी विचारलं तर खरं तेच बोलीन. म्हणलं, मंजूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात गेलो आणि म्हशीला हाक मारली — प्रतिभा, जरा चहा टाक. प्रतिभा म्हंजी सून माझी. चुलीपाशीच होती, ऐकलं तिनं. आठवडाभर बोलली नाय माझ्याशी! नाय, म्हैस बोलली असती एखाद वेळी. मग काय, सदरा उलटा घातला, जेवून उठलो की पुन्हा पाटावर — वाढा. बरं, दोनदा जेवायला मिळायचं हे निराळंच. आणि रंगू — रंगूनं माझा हात धरला आणि म्हणली, आवो, दवाखान्यात चला. कोण म्हणलं? रंगू! जिनं ह्या नावाला ताट फेकलं होतं, तीच मला एस्टीत बसवून, हात धरून, नाशकाला घेऊन आली. सगळ्या वाटेनं सांगत होती, घाबरू नका, मी हाय ना.

पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. मॅडमनं तीन शब्द सांगितले — केळ, चावी, बैल — आणि म्हणल्या, मी मागाहून विचारीन तेव्हा सांगा. मी ठरवून आलो होतो, एकबी सांगायचा नाय. पण त्यांनी विचारलं आणि माझ्यातली हुशारी उसळली हो — केळ, चावी, बैल! — वर आणि विचारलं, बैल खिल्लारी का डांगी? मॅडमनं माझ्याकडं असं बघितलं! आणि रंगू कौतुकानं म्हणते, आज बरं हाय ह्यांचं. तिला विचारलं, तर म्हणली, पेशंट हे हायेत, मला काय विचारता? — पण नुसतं केळ सांगता आलं तिला. तेबी खिडकीतून केळीवाला दिसत होता म्हणून.

मग घड्याळ काढायला सांगितलं. कागदावर गोल, त्यात आकडे. मी म्हणलं, मला नाय येत. रंगू म्हणली, द्या इकडं, मी दाखवते तुम्हाला. आणि तिनं काढलं. गोल चांगला काढला हो — भाकरीचा हात तो. पण आकडे, पाव्हणं, सगळे एका अंगाला. एका कडेला दाटीवाटीनं बसलेले, आणि दुसरी बाजू रिकामी. तोपर्यंत मला आपलं वाटत होतं, वय झालं, होतं असं. ते घड्याळ बघितलं आणि कळलं, हे वयाचं नाय. ती म्हणाली, असं काढायचं, कळलं का? म्हणलं, कळलं. आणि मीबी तसंच काढलं. अगदी तसंच, एका अंगाला. मॅडमनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.

आणि गंमत पुढंच हाय. नाटकाचा पेशंट म्हणून माझा रक्तदाब बघितला, तर तो हा वर! मॅडम म्हणल्या, बाबा, तुम्ही खरेच पेशंट निघालात. मीठ बंद. लोणचं बंद. रंगूला इतका आनंद झाला — तिला धरायला काहीतरी सापडलं ना. आता ती बाकी काय वाटेल ते विसरंल, पण माझ्या ताटातलं लोणचं उचलायचं विसरत नाय! मॅडमनं तिलाबी तोंडावर सांगितलं, रंगूबाई, तुमचंबी विसरणं वाढलंय, ही गोळी त्याची. तर म्हणली, वाढणारच हो, ह्यांच्या काळजीनं डोकं ठिकाणावर राहतंय का? — आणि घेतली की गोळी! पेशंट मी हाय ना, मग तिला भ्यायचं कारणच उरलं नाय. घरी मला वार विचारते, महिना विचारते, बिया मिसळून निवडायला देते. तो सगळा अभ्यास तिचा हाय, पण मास्तरीण ती. अडली की मी मुद्दाम चुकतो, मग ती इरेला पडून आठवते. मॅडम म्हणतात, हा आजार मागं फिरत नाय, पण पाय वढत चाललाय. पाय वढत चालू दे म्हणावं, घाई कोणाला हाय.

गावात? गावात तर लय मजा. पारावर लोक मला विचारतात, कोंडाजी, मी कोण? मी एकेकाला त्याच्या सासऱ्याच्या नावानं हाक मारतो. पुंजाला तर मी जे आयुष्यभर बोललो नाय ते बोलून घेतलं — पुंजा, तुझी भेंडी जून असते, तू वरून वली करून खपवतो — आणि वर विचारलं, आपण कोण म्हणायचे? येड्याशी भांडतो व्हय कोणी? आता पाण्याच्या पाळ्या ठरवायला मला कोणी बोलावत नाय. आधी माझ्या शब्दाबिगर पाण्याची चारी फुटत नव्हती. परवा आपल्याच बांधावर उभा होतो, दोघं जण माझ्यासमोर माझ्याच मळ्याचं पाणी ठरवत होते, जसा काय मी बुजगावणं. बोलता येत होतं मला. नाय बोललो. — असू द्या. पाणी मिळालं मळ्याला, झालं.

पोराचं तेवढं अवघड गेलं. दीपक — एकुलता एक. त्याला सांगितलं नव्हतं, त्याच्या पोटात काय राहत नाय. त्यानं आधी माझ्या लुनाची चावी काढून घेतली, मग एक दिवस कडब्याच्या गंजीमागं रडत बसलेला दिसला. एवढा मोठा बाप्या. तेव्हा सांगावंच लागलं. आधी शिव्या दिल्या मला, मग गळ्यात पडला. आता तोबी नाटक करतो, पण काय भिकार करतो हो — 'बाबा-ऽ, मी-ऽ तुमचा दीपक-ऽ' — तमाशातबी घेणार नाय कोणी. आणि चावी दिलीय का परत? नाय! म्हणतो, रक्तदाब खरा हाय ना?

तिला कळलं नाय का? कळलं की. सापडतो ना मी. पहिल्यांदा पत्ते खेळताना सापडलो — पुंजाचे सगळे हात मोजून त्याला हरवला, आणि मागं रंगू उभी. पुंजा गेल्यावर म्हणाली, तुम्हाला तर सगळं आठवतंय. मी गपकन खाली बघितलं. आणि ती अशी हसली, अशी हसली — तोंडाला पदर लावून, भिंतीला टेकून. लबाड, म्हणाली, फुकटची सेवा करून घेता व्हय? मीबी हसलो. लय दिवसांनी दोघं तसं बोलत बसलो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आली, माझ्या सदऱ्याची गुंडी लावली आणि विचारलं, सांगा बरं, आज वार कोणता? — विसरली होती. रात्रीत सगळं पुसलं. मग मी पुन्हा सापडलो, पुन्हा ती पहिल्यांदा कळल्यासारखी हसली. खरं सांगू, मग मी जरा मुद्दामच सापडायला लागलो. तिला तसं हसवायला दुसरं काय हाय माझ्याकडं?

पण ह्या सोमवारी नाय हसली. मी दीपकला वांग्याच्या रोपांचं समजावून सांगत होतो, ती दारात. दीपक गेला. ती जवळ येऊन बसली आणि म्हणाली, तुम्ही तर चांगले हायेत. — मी म्हणलं, हो गं, सापडलो. मी हसायची वाट बघत होतो. तर ती म्हणली, मग दर गुरुवारी आपण दवाखान्यात कोणासाठी जातो?

रक्तदाबासाठी, म्हणलं. तिनं माझ्याकडं बघितलं — ती बाजारातली रंगू हो, जुनं बी गळ्यात मारणाऱ्याकडं बघायची ना, तसं — आणि म्हणाली, मला आईसारखं वटीवर नका बसवू. मी म्हणलं, बसवलं तर मीबी शेजारी बसंन, आणि पोरांनी विचारलं तर सांगंन, हिचं लग्न माझ्याशी झालंय. तेव्हा मग जरा… थोडं हसली. मंगळवारी सकाळी उठली आणि पुन्हा वार विचारला मला. ती विसरली. बरं झालं. माझ्याच्यानं नाय विसरलं जात. एवढं येड्याचं सोंग करतो आणि तेवढं एक—

तुमचे वडील काच खालीवर करतायत बघा. जा, बसा त्यांच्याजवळ. उतरा म्हणूच नका. त्यांना कोणाचं बघून भीती बसलीय ते विचारा आधी. थांबा — दार वाजलं. आलीच ती. आता गप! आता मी पेशंट. एक ऐकून जा फक्त — लग्न झाल्यापासून हिनं माझं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, आमच्यात घेत नाय बाया. आता मॅडमनं सांगितलंय, पेशंटला त्याचं नाव सांगत जा. रोज घेते. ऐका हां—

रंगू! आलीस? हे बघ, हे पाव्हणं विचारतायत मला, बाबा तुमचं नाव काय? काय गं नाव माझं? — सांग की. नामपूरचे हायेत, त्यांच्यासमोर लाजायचं काय? — रंगू? — घाई नाय. बस इथं, टेक. घाई नाय आपल्याला. —

हां! कोंडाजी! ऐकलं का, पाव्हणं, कोंडाजी म्हणली! — जा आता तुम्ही, जा, जीपकडं जा.