शिकागोचे सहा

हिलाल : पोचणार नाही म्हणजे येणारच नाही, असं नव्हे माय. उशिरा पोचेल.

द्रौपदाबाई : तूच सांगं व्हतं ना, अभिमन शनवारे इमानमा बसना का आयतवारे मुंबईले.

(श्रावणातला शनिवार, शिंदखेडा. उद्या घरोघर कानबाई देवी बसायची, सोमवारी तिचं नदीत विसर्जन. प्रसादाच्या रोटासाठी घरातल्या पुरुषांच्या नावानं मूठमूठ गहू घेऊन दळलेलं पीठ चाळत बसलेल्या द्रौपदाबाईंना, थोरल्या अभिमनशी बोलून एसटीडी बूथवरून आलेल्या धाकट्याचं तोंड पाहूनच सगळं कळलं होतं. तरी त्यांना ते त्याच्याकडून ऐकायचं होतं.)

हिलाल : शिकागो ते मुंबई तेरा हजार किलोमीटर. मध्ये लंडनला थांबून वीसेक तास. त्यात चूक नाही. दादा शनिवारी संध्याकाळी सहाला निघतो. मी सहात वीस मिळवले आणि रविवारची दुपार काढली.

द्रौपदाबाई : मंग चुकनं काय?

हिलाल : त्यांचे सहा म्हणजे आपले सहा नव्हेत. तिकडे शनिवारची संध्याकाळ, तेव्हा इथे रविवारची पहाट. आत्ता आपला दिवस कलला, अन् तो तिकडे नुकता झोपेतून उठला होता.

द्रौपदाबाई : सूर्य तं एकच शे ना?

हिलाल : एकच. आपल्याकडे आधी येतो.

द्रौपदाबाई : अन् आपले सोडीसन तठे जास. समजनं.

हिलाल : मीच पत्रात लिहिलं, खुशाल तिकीट काढ, पोचशील. आता मुंबईत उतरेपर्यंत सोमवार लागेल. पुढे एसटीनं घरी यायला दुपार.

द्रौपदाबाई : सकायमाच कानबाईले नदीवर लई जातस. गावन्या बठ्ठ्या बाया संगे. थांबाडता येत नही.

हिलाल : रोट तर पुनवेपर्यंत खायला चालतो. त्याच्या नावाची मूठ घेतलीस ना गव्हाची?

द्रौपदाबाई : घिदी. तुनी घिदी, त्यानी घिदी. तुन्हा बाबानी औंदा नही. तठे हात थांबी गया मना.

हिलाल : माय, अजून एक आहे. दादा म्हणतो, कानबाई मिळतच नसेल तर तिकीट बदलून दिवाळीत येऊ का? रजा थोडी आहे त्याची. तो निघायच्या आत मला फोन करायचाय.

द्रौपदाबाई : बाबाना येळे बी असंच. दिनभर त्याले आंगनमा ठी राहनूत, अभिमन येई म्हनीसन. दिन बुडाले उना, तो नही उना, तधय तू अग्नी दिना.

हिलाल : तेव्हाही वीसच तास होते.

द्रौपदाबाई : थकी गऊ रे भाऊ मी, त्या तास ऐकीसन.

हिलाल : मग दिवाळीत ये म्हणू?

द्रौपदाबाई : नही. त्याले सांग, कानबाई सोमवारे जाई. मी काही जात नही.