दही लागेल एवढी ऊब

जानेवारी १९९७, संक्रांत नुकतीच झालेली. शनिवार, सकाळी साडेआठ. श्रीरामपुरातल्या एका कॉलेजची सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा. बोलणाऱ्या प्राध्यापिका प्रज्ञा पगारे. ऐकणारे गोरक्षनाथ, यंत्रं दुरुस्त करणारे.

— नको, नको, हात लावू नका त्या बटणाला! पाना खाली ठेवा आधी. ठेवलात? आता बसा त्या स्टुलावर — ते नव्हे, त्याचा पाय मोडलाय — हां, त्याच्यावर. उबवण्याची पेटी बिघडलेली नाहीये, गोरक्षभाऊ. एरवी सदतीसवर असते, आज पंचेचाळीसवर सापडली, म्हणून आमचे विभागप्रमुख सर ओरडत सुटले, बिघडली, बिघडली, बोलवा मेकॅनिकला! बिघडली कसली? दही लावलं होतं तिच्यात! हसा, हसा, मी सकाळपासून हसतेय, दोनदा चहा सांडला अंगावर. दार उघडते तर काय — माझ्या काचेच्या बशा एका कडेला सारलेल्या आणि मधोमध स्टीलचा डबा, वरून फडकं बांधलेलं. आत झकास कवडी दही! माणसाचा जीव घेणाऱ्या यीस्टच्या मांडीला मांडी लावून!

कोणी म्हणजे काय, आमच्या शिपायांनी, भिमाजींनी. मी तोंड उघडायच्या आत कबूल. त्यांची बायको गोजरबाई दवाखान्यात आहे ना — ऑपरेशन चांगलं झालं, सलाईन लावलं, आणि मग हुडहुडी भरून ताप. रक्तात यीस्ट निघालं. हो, पाव फुगवतं त्याचंच भावंड, पण हे गुंड निघालेलं. आता उतरलाय ताप, पण तेव्हा डॉक्टर साऱ्या वॉर्डासमोर भिमाजींना काय म्हणाले? तुझ्या घरच्या घाणेरड्या डब्यातून आलं हे! आणि वर, जंतूच असा चिवट की औषधाला नाही, वाफेला नाही, कशालाच दाद देत नाही! आता त्या माणसाने करायचं काय? बायकोला दहीभात हवा, थंडीने घरात दही लागेना, आणि घरावर घाणेरडं म्हणून शिक्का. तर मला म्हणतात कसे — "म्याडम, तुमच्या पेटीवानी स्वच्छ जागा अख्ख्या गावात न्हाई, तुमी सारखं स्पिरिटनं पुसता की!" ऊब कमी वाटली म्हणून बटणही पिरगाळलं. रडू की हसू? डबा मी जप्त केलाय. खायचा नाही कोणीच. कपाटाकडे बघू नका, मिळणार नाही.

पण ऐका तर, खरी गंमत पुढेच आहे. त्या बशांमध्ये दवाखान्यातून तपासायला आलेली वेगवेगळ्या रोग्यांची यीस्ट होती. रात्रभर पंचेचाळीसला भाजून निघाली — तरी बाकी सगळी तगली, निर्लज्ज कुठली! दोनच बशा गेल्या. निळा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं — मेलेली पेशी निळी पडते — तर दोन्हीकडे नुसतं निळंच निळं, मी नाचले हो इथे, एकटीच! का मेल्या? सांगते. तुम्ही प्रवराकाठचे ना? भंडारदरा धरणातून पाणी सोडलं की निरोप कसा येतो — वरचं गाव खालच्याला सांगतं, ते त्याच्या खालच्याला, नदीतल्या पाण्याच्या मोटारी काढा, गुरं वर घ्या. मधला एक गडी झोपला तर? खालच्यांच्या मोटारी पाण्यात! पेशीतही तसंच. भिंतीला चटका बसला की एक प्रथिन दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला, निरोप आत केंद्रकापर्यंत पोचतो, मग हुकूम सुटतो, बचावाचं सामान काढा! हे निरोपे घडवणारी जनुकं असतात. या दोन बशांतल्या यीस्टचं त्यातलं एखादं मोडलंय — माझा अंदाज हां, कुठलं ते पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्यावर कळेल. पण इतकं लुळं यीस्ट मी आजवर पाहिलं नव्हतं. आणि एकदम दोन? जुळी, गोरक्षभाऊ, जुळी!

कोणाच्या बशा? एक गोजरबाईच्या रक्तातली. दुसरी सलाईनच्या बाटलीतली. छे, लावलेली बाटली नव्हे, सीलबंद. वॉर्डातल्या खोक्यातून भिमाजींनी — नाही, भिमाजींचं नाव नको. मी. मीच पिशवीत घातली. बोललेच की मी! असू दे, जाऊन सांगा कोणाला सांगायचं ते. ते डॉक्टर आमच्या कॉलेजच्या संस्थेच्या मंडळावर आहेत, म्हणून सर म्हणतात बशा आजच्या आज फेका. फेकतेय कुठली! आता मला एवढंच सांगा — सीलबंद बाटलीत भिमाजींचा डबा शिरला कसा? आणि चिवट म्हणे! दही लागेल एवढ्या उबेत मान टाकतंय हो ते! त्या बाटल्या दवाखाना स्वतः भरतो, भरून वाफेच्या टाकीत एकशे एकवीस अंशाला उकडतो. तिथे तसं कुठलंच यीस्ट टिकत नाही, आणि हा आमचा लुळा पहिलवान तिथून चालत बाहेर आला? हसा की!

हसत का नाही?

काय झालं, गोरक्षभाऊ? ... ती टाकी? ती तुम्हीच बघता? ... तापत नाही म्हणजे? काटा चढतो आणि आत — आत नुसती कोमट? कधीपासून? ... दिवाळी. आणि हे तुम्ही सांगितलं होतंत. ... होय, सांगितलंच असणार तुम्ही, माझा विश्वास आहे. पण कोणाला? ... आणि त्यांनी पुढे? ...

पाना उचला. इथे तुमचं काम नाही. सरळ दवाखान्यात जा आणि वॉर्डातल्या बाटल्या आधी उतरवायला लावा, माझं नाव सांगा, भांडा, ओरडा, काय वाटेल ते करा. भिमाजी, दाराशीच आहात ना? यांना सायकल द्या. — अहो, उठा ना! जा!

टाकी दिवाळीपासून तापत नव्हती. बाटल्या रोज भरल्या जात होत्या. गोरक्षनाथांनी दिलेला निरोप पुढे कोणापाशी थांबला, याचं उत्तर अजून कोणीही दिलेलं नाही.