प्रवेशाच्या वहीतले नंबर

आदरणीय अध्यक्ष दादासो यादव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या उत्कर्षा मॅडम, माझे सहकारी आणि पलूस, तासगावहून वेळ काढून आलेल्या आपल्या माजी विद्यार्थिनींनो,

प्राचार्यांनी थोडक्यात आवरावं, हे पत्रिकेत छापलेलं नसलं तरी मला तुमच्या चेहऱ्यांवर वाचता येतं. जेवणाला उशीर करत नाही.

मॅडमनी आपल्या संगणक विभागात ‘परतवाट’ हे मोबाईल अ‍ॅप तयार केलं. लग्नानंतर, बाळंतपणानंतर सॉफ्टवेअरचं काम सुटलेल्या आपल्या मुलींना नव्या कामाची खबर पोचवायची, एवढाच हेतू. मॅडम म्हणाल्या, “सर, एकेकीला भेटून नंबर घेऊया.” मी म्हणालो, “कशाला वणवण? प्रवेशाची वही आहे की!” चारशे नंबर मीच काढून दिले, आणि मोठ्या ऐटीत दिले.

त्या वहीत नंबर कुणाचे होते? वडिलांचे! मुलीचा नंबर कागदावर द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. त्या वहीवर मी वर्षानुवर्षं सह्या केल्या, पण माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिलीच मुलाखत ठरली कुंडलच्या दीपमालाची. निरोप गेला तिच्या वडिलांना, धनाजीरावांना. ते समोरच बसलेत, त्यांना विचारूनच सांगतोय. त्यांना वाटलं, लेक तासगावला सुखानं नांदतीय, सासरी उगं कुरबुर कशाला? त्यांनी तो निरोप लेकीला कळवलाच नाही. दीपमाला मुलाखतीला आली नाही. मी विभागात सगळ्यांसमोर म्हणालो, “या मुलींनाच गरज नाही.”

मॅडमनी दीपमालाच्या सासरचा पत्ता काढला. एसटीनं थेट तासगावला गेल्या. दीपमाला म्हणाली, “मॅडम, मला कायच आलं न्हाई वो. मी तर रोज फोन बघतीय.”

मग आठ महिने मॅडमचा एकही रविवार घरी गेला नाही. सासूबाईंच्या हातचा चहा घ्यायचा, चार गोष्टी बोलायच्या आणि सुनेचा स्वतःचा नंबर घेऊन उठायचं. आज एकसष्ट जणी कामाला लागल्यात. दीपमालाही लागली; पण ते पहिलं काम हातचं गेलं आणि दुसरं मिळायला दीड वर्ष लागलं.

मघाशी धनाजीराव मला म्हणाले, “सर, चूक माझी हाय, तुमी वाईट वाटून घिऊ नका.” धनाजीराव, तुम्ही बापाच्या काळजीनं गप्प बसलात. मी मात्र काही न विचारता बोललो.

मॅडम, आता तुम्ही साताऱ्याच्या कॉलेजात निघालात; तिथल्या मुली नशीबवान आहेत. संयोजकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची माझी सवय आहे. आज तेवढ्यावर भागणार नाही. दीपमाला, चूक माझी होती आणि दोष मी तुला दिला. मला माफ कर, बाळ.