ह्या फोनवरून एकशेआठ लागत न्हाई

हॅलो? … कोन बोलायलंय, माणूस का मशीन? … बरं झालं माय. मगापासून ती बाई नुसती एक दाबा, दोन दाबा करायली व्हती. मी वच्छलाबाई बोलायले, बोरीच्या आखाड्यावरून. … आखाडा म्हंजे रानातलं घर, गावाबाहेर. … न्हाई, बिलाचं न्हाई. नेट बी चांगलं हाय. आमच्या मालकाला साप चावलाय.

… व्हय, साप. आत्ताच, बांधावर गवत कापताना. पायाला, घोट्याच्या वरी.

… म्हाईत हाय की तुमचा दवाखाना न्हाई. नेटच्या फोनची कंपनी हाय. डब्यावर नंबर चिकटवलाय, त्यो बघूनच लावला. अगं, एकशेआठ लावलं की तुमचा फोन म्हनतो, ह्या सेवेवरून हा नंबर मिळणार नाही. एकशेबारा लावलं, तर त्याला बी तेच. मंग जो लागतो त्याला लावला.

… मोबाईल? हितं रेंज असती तर हा डबा कशाला बसवला असता? … बोरीत वळखीचे हायेत की, समदे हायेत. त्यांचे नंबर मोबाईलमदी, आन मोबाईल ह्यांच्या खिशातून गवतात पडला. तिथं साप हाय. तू जातीस का हुडकायला?

… बरं, चिडत न्हाई. … पोराला लावला ना. ओमप्रकाश चाकणला कंपनीत हाय. ड्युटीवर असला की मोबाईल गेटवरच ठेवून घेत्यात. त्यानंच हा फोन बसवून दिला आमाला.

… काय लिहिलंय? … अटीमदी? … म्हंजे पोरानं कबूल केलंय म्हनतीस, की ह्याच्यावरून तातडीचे नंबर लागणार न्हाईत. त्यानं वाचलं नसंल माय, बोट दाबलं असंल. मला म्हनला, आई, आता जगात कुठं बी लाव. मला जगात कुठं लावायचंय? मला बोरीला लावायचंय.

थांब जरा, हे काय म्हनायलेत बघते. … हां. हे बाजेवरून ईचारायलेत, कायद्यानं जिम्मा कोनाचा? … व्हय, शुद्धीत हायेत. लय शुद्धीत हायेत. कोर्टाचं नाव निघालं की ह्यांनला तरतरी येती.

… न्हाई, पन मी बी ईचारते. फोन म्हनूनच इकला ना तुमी? लग्नाला बोलवायचं आन पानी घरून आना म्हनायचं, असं झालं हे. जेवताना ठसका लागला की मानसानं काय करावं?

… साहेबाला ईचारतीस? ईचार. पन पळत जा.

… अवं, तो पाला टाका बरं तोंडातला. … तुला न्हाई माय, ह्यांनला. आलीस व्हय? कडूलिंबाचा पाला चावायलेत हे. कडू लागला तर ईख चढलं न्हाई, गोड लागला तर चढलं, असं म्हनत्यात आमच्याकडं. … कडू लागायलाय म्हनं. तोंड वाकडं करून मलाच बोलायलेत.

… बरं, काय म्हनले साहेब? … नेटच्या फोनचा नियम वेगळा? … ग्राहकाला आगुदर सांगितलं की झालं. म्हंजे कायद्यानं तुमच्याकडं काहीच न्हाई असं म्हनत्यात. … बरं बाई. साहेब म्हनतो तर तसं असंल. तुझं नाव काय? … अबोली. चांगलं नाव हाय. हे बघ अबोली, तुझ्याकडं साधा मोबाईल असंल ना, तुझा सवताचा? त्यावरून लाव एकशेआठ. … आत न्यायची बंदी हाय? लॉकरात ठेवायचा? … नोकरी जाईल?

… मी काय म्हनू माय आता. तू बी कोनाची तरी लेक हायस, तुझं पोट हाय त्यावर. पन माझा माणूस हितं पडलाय. मी हा फोन ठेवत न्हाई, एवढंच सांगते. … हॅलो? … अबोली? … हॅलो?

… गेली वाटतं. … अवं, गेली ती. … न्हाई, कट न्हाई झाला, गाणं वाजायलंय. … तुमी पाय हलवू नका. … नाव लिहून घेतलंय तिचं, वकिलाला मंग सांगा. आदी नीट पडून राहा.

… हां, हाय, हाय मी. आलीस? मोबाईल आणायला पळत गेली व्हतीस काय, दम लागलाय तुला. … लागला? गाडी निघाली? देव तुझं भलं करो. … किती येळ? … दहा मिंटात? अगं, बोरीतून निघाली तरी दहा मिंटात येत न्हाई हितं. … थांब, थांब. पत्ता काय सांगितलास?

… ते पोराचं घर हाय चाकणचं. … असंल तुमच्या कंप्युटरवर तोच पत्ता, त्याच्याच नावावर हाय फोन. पन साप बोरीत चावलाय माय. चाकणला आमची सून राणी एकटी हाय घरी. दारात अशी गाडी आली तर ती घाबरून खाली बसंल. मंग तिला घेऊन जातील. फिरव गाडी, फिरव लवकर.

… जिल्हा परभणी, तालुका जिंतूर, बोरी. … पेशंटचं नाव किशनराव. … वय साठीच्या पुढं. … हे हसायलेत बघ. म्हनत्यात, फोन बोरीत आन पत्ता चाकणचा, ह्या मुद्द्यावर तर केस जिंकलोच. … अवं, गप राहा. हसल्यानं ईख चढतं.

… सांगितलंस? निघाली? खरी निघाली ना ह्या बारीला? … बरं. आन काय म्हनले तिकडून? … पाय हलवू द्यायचा न्हाई. बरं. दोरी बांधायची न्हाई. … दोरी हातातच घेऊन बसलेत, आना हिकडं ती. चिरायचं न्हाई, वर काही लावायचं न्हाई. … चालू द्यायचं न्हाई, एक पाऊल बी न्हाई. बरं.

… ओढ्यापर्यंतच? … खरं हाय, सांगतील तसंच हाय. पांदीला, रानातल्या वाटंला, गुडघ्याएवढा चिखल हाय, मोठी गाडी अलीकडं येत न्हाई. पन मंग मी ओढ्यापर्यंत कशात नेऊ ह्यांनला? चालवायचं न्हाई म्हनतीस. बैलं आमी इकले. … शेजारी कोनी न्हाई. … न्हाई म्हनलं ना, कोनीच न्हाई.

… कसला आवाज? … जीपचा हाय. … व्हय, जवळच हाय. … बांधापलीकडं. … माझ्या दिराची हाय जीप. वैजीनाथ नाव त्यांचं.

… खोटं न्हाई बोलले मी. शेजारी न्हाईत ते, भावकी हाय. … हसू नको माय. सख्खे भाऊ हायेत, पन बांधावरून वाकडं आलंय. त्या बांधावर धड बकरी उभी राहत न्हाई, आन जिंतूरच्या कोर्टात ह्यांच्या तारखा संपंनात. आज बी बांध आमचाच हाय हे दाखवायला गवत कापायला गेले व्हते. वर म्हनत्यात, साप वैजीनाथच्या रानातून आला, त्याच्यावरच दावा लावतो.

… म्या कशी हाक मारू? शपथ हाय मला. मोजणी झाली त्या दिशी ह्यांनी सांगितलं, वैजीनाथशी एक सबूद बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. तवापासून बोलले न्हाई मी. त्यांच्या पोरीचं लगीन झालं, हितपर्यंत वाजंत्री ऐकू आली. त्या पोरीला म्या माझ्या हातानं न्हाऊ घातलं व्हतं. खिडकी लावून लय रडले मी त्या दिशी, पन बोलले न्हाई.

… अगं, अंधश्रद्धा म्हन न्हाईतर काय बी म्हन. दुसऱ्या कोन्या दिशी मोडली असती. आज मोडू? हे असे बाजेवर पडलेले असताना, आज मोडू?

… तू लावतीस? … लाव माय. तुला कुठं शपथ हाय. नंबर सांगते की. जीपच्या दारावरच रंगवलाय, भाड्यानं मिळंल म्हनून. त्यांचं रान चढावर हाय, बांधापलीकडं रेंज येती. … घेतलास लिहून? … चष्मा न्हाई डोळ्याला, पन पाठ हाय. रोज चुलीपुढून दिसतो. … सांग त्यांनला, मी न्हाई सांगितलं. कंपनीनं सांगितलं म्हन.

… काय न्हाई वं. एकशेआठला लावायलीय ती. … व्हय, एकशेआठलाच. कोनाला लावंल दुसरं? … मेलो तरी चालंल, पन त्याच्या जीपमदी बसणार न्हाई, असं म्हनू नका हो. … त्याच्या जीपमदी न्हाई तर कशात बसणार तुमी, डब्यात?

… अवं. … अवं, काय झालं? डोळे उघडा. … अबोली? अबोली, हायस का? ह्यांच्या पापण्या खाली यायल्यात. उघडा म्हनलं तर अर्ध्याच उघडायल्यात. … बोलणं बी जड झालंय. जीभ वळंना. … एवढा येळ गप राहा, गप राहा म्हनून मीच बेजार झाले व्हते, आन आता गप झाले तर मीच बोला, बोला म्हनायले माय.

… उचलला त्यांनी? काय म्हनले? … येतो म्हनले? … मंग येईनात का? … थांब, खिडकीतून बघते. … व्हय, दिसायलेत. जीप बांधाला आणून लावलीय. चालूच हाय. खाली उतरून उभे हायेत, हिकडं बघायलेत.

… काय? … मनाई हुकूम. … व्हय, खरं हाय. कोर्टानं त्यांनला बांध ओलांडायची मनाई केलीय. ह्यांनीच आणलाय त्यो हुकूम, पेढे वाटले व्हते त्या दिशी. … पाय टाकला तर पुन्हा कोर्टात उभं करतील म्हनत्यात. … घरच्या माणसानं तोंडानं ये म्हनलं तर येतो? … तुझं बोलवणं चालत न्हाई? … मंग कोन बोलवंल? ह्यांनला बोलता येईना.

… थांब. थांब जरा. मला सुचू दे.

… न्हाई, हाय मी. … अबोली, तुमचा डबा म्हनतो लागत न्हाई. हुकूम म्हनतो येऊ नको, शपथ म्हनती बोलू नको. समदे नियमानं बसलेत आन माझा माणूस चाललाय. … मला भ्या वाटायलंय गं. लय भ्या वाटायलंय. शपथ खरी झाली तर? … व्हय. व्हय, न बोलले तर बी तेच व्हायचंय.

… धर. फोन खिडकीत ठेवते.

भावजी.

… भावजी, या हो. आत या. तुमच्या दादाला धरा.

… हॅलो. … हाय, मी हाय. बोलले. … आले. जीपच आत घातली, बांधावरून, तुरीतून. तुरीचं वाटोळं झालं, होऊ दे. … दारात आले. … हितं बाजेपाशी हायेत, खाली वाकलेत. … एकट्यानंच उचलायलेत. … अवं, पाय सांभाळा, पाय सरळ ठेवा, ती पोरगी म्हनायलीय. … उचललं माय. लेकरावानी उचललं.

… ह्यांनी डोळे उघडले. बघायलेत भावाकडं. … न्हाई, हाकलंनात. शर्ट धरलाय त्यांचा मुठीत, गच्च धरलाय. सोडंनात.

… थांब, भावजी काय तरी बोलायलेत. … ऐकलंस का? दादा, भिऊ नको, मी हाय, असं म्हनले. … दादा म्हनले गं. कोर्टात वादी म्हनायचे, गावात तो म्हनायचे. … त्यांच्या बी डोळ्याला पानी आलंय. मला न्हाई, मला काय झालंय. मी बोलायलेच की तुझ्याशी.

… ओढ्यापाशी पोचायलीय गाडी? त्यांनला सांग, निघालो आमी. … न्हाई, तू उपकार केले ते मी इसरणार न्हाई. साहेब काय बोलला तर माझं नाव सांग, मी येऊन बोलते त्याच्याशी. … पन डब्याची तक्रार करणारच हाय, ते सोडत न्हाई. ह्यांनला बरं वाटू दे फकस्त. एवढे भांडायला बसलेत घरात, आता दोघं बी तुमच्यावर सोडते.

… काय वं? … ह्यांचं डोकं मांडीवर घ्यायला बोलवायलेत. … आले, भावजी, आले. … ठेवते माय, घरची गाडी उभी हाय.